सेनेदमधला प्रश्न वाया जात नाही

कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वॉन्सी या भागातल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. त्याचा सारांश असा: ‘वेल्सची विधानसभा म्हणजे पैशांची नासाडी. खरी सत्ता लंडनकडे. इथे आमदार प्रश्न विचारतात, मंत्री लिहून आणलेली उत्तरं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. एवढ्या वर्षांत प्रश्न विचारून काहीही बदललेलं नाही. लाखो लोकांनी सह्या केल्या, त्यांनाही कोणी भीक घातली नाही. आणि वर आता 60 चे 96 आमदार!’

मी बारा वर्षं वेल्समध्ये राहते आहे. माझी मुलं इथल्या शाळेत शिकतात. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तरी मला इथल्या विधानसभेसाठी, म्हणजे ‘सेनेद’साठी मतदान करता येतं. हा हक्क आपल्यातल्या अनेकांना आहे, आणि हा मजकूर वाचून त्यातलेच काही जण ‘कशाला जायचं मतदानाला?’ असं म्हणताना मी ऐकलं आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘खरी सत्ता लंडनकडे’

पोलीस, न्यायालयं, इमिग्रेशन, संरक्षण, बहुतेक भत्ते आणि बहुतेक कर लंडनकडे आहेत, हे खरं. पण तुमचं रोजचं आयुष्य ज्यांच्यावर चालतं, ती खाती कार्डिफला आहेत: दवाखाने, शाळा, शेती, घरं, नगरपालिका, बससेवा, पर्यावरण. एप्रिल 2007 पासून वेल्समध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये आजही पडतात. दुकानातल्या पिशवीला पाच पेन्स ऑक्टोबर 2011 मध्ये ब्रिटनमध्ये सर्वांत आधी इथे लागले. नकार नोंदवला नसेल तर अवयवदानाला संमती आहे असं मानायचं, हा कायदा डिसेंबर 2015 मध्ये इथे लागू झाला, तोही ब्रिटनमध्ये पहिला. मुलांना ‘शिस्त लावण्यासाठी’ मारलं असं सांगून पालकांना सुटता यायचं, ती पळवाट मार्च 2022 मध्ये इथे बंद झाली. आपल्या घरांमध्ये या शेवटच्या कायद्यावर किती चर्चा झाली होती, ते आठवा. तो लंडनने केलेला नाही.

1999 मध्ये ही सभा सुरू झाली तेव्हा तिचे अधिकार खरोखर तुटपुंजे होते. 1997 च्या सार्वमतात तिला होकार मिळाला तोच मुळी 6,721 मतांच्या फरकाने. पण मार्च 2011 च्या सार्वमतात 63.5 टक्के लोकांनी कायदे करण्याचे पूर्ण अधिकार तिला दिले. या मजकुरातली सभा 1999 सालची आहे.

‘मंत्री लिहून आणलेली उत्तरं वाचतात’

पहिलं उत्तर बरेचदा लिहिलेलंच असतं. आपल्याकडे विधिमंडळात तारांकित प्रश्न आधी द्यावा लागतो, खात्याकडून उत्तर येतं आणि खरी परीक्षा पुरवणी प्रश्नांना होते. इथेही तसंच आहे. मंगळवारी दुपारी मुख्यमंत्र्यांना तासभर प्रश्न असतात, बुधवारी बाकीच्या मंत्र्यांची पाळीपाळीने हजेरी. प्रश्न काही दिवस आधी द्यायचा, त्यातले चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. पण पुरवणी प्रश्न काय येणार हे मंत्र्याला ठाऊक नसतं, आणि विरोधी पक्षनेत्यांचे प्रश्न तर कसलीही पूर्वसूचना न देता येतात. ताज्या घटनेवर, आपल्या लक्षवेधीसारखी, वेगळी तरतूद आहे. प्रश्न वेल्शमध्येही विचारता येतो आणि त्याचा अनुवाद लगेच कानात ऐकू येतो.

मी वरच्या प्रेक्षागृहात बसून हे पाहिलं आहे. सत्ताधारी बाकांवरून मंत्र्याला सोपा झेल देणारे प्रश्न येतात. मंत्री विषयाला बगल देतात. त्याचा मलाही राग येतो. पण टाळलेलं उत्तरही वृत्तांतात शब्दशः नोंदलं जातं, आणि पुढे तेच मंत्र्याच्या समोर ठेवलं जातं.

उत्तर वेल्सच्या बेट्सी कॅडवालाडर आरोग्य मंडळाचं उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथे प्रश्न विचारणारे हरले. हे मंडळ जून 2015 मध्ये सरकारच्या विशेष देखरेखीखाली गेलं. नोव्हेंबर 2020 मध्ये, निवडणुकीला सहा महिने असताना, ती देखरेख उठवली गेली. ही घाई आहे, असं विरोधी आमदार सांगत राहिले. सरकारने ऐकलं नाही. सव्वादोन वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, त्याच सरकारला तेच मंडळ पुन्हा विशेष देखरेखीखाली घ्यावं लागलं. प्रश्नांनी चूक थांबली नाही, हे मान्य. पण प्रश्नच नसते तर ती चूक कोणाची, हे कोणाला कळलं असतं?

‘प्रश्न विचारून काहीही बदललेलं नाही’

मजकुरातलं हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे, आणि लोकांना सगळ्यात पटतं तेही हेच.

आधी गणित पाहू. 60 जणांच्या सभागृहात, या सगळ्या काळात सत्तेत असलेल्या लेबर पक्षाला 1999 मध्ये 28, 2003 मध्ये 30, 2007 मध्ये 26, 2011 मध्ये 30, 2016 मध्ये 29 आणि 2021 मध्ये 30 जागा मिळाल्या. म्हणजे या सहाही निवडणुकांत स्वच्छ बहुमत एकदाही नाही. ज्याच्यामागे दणदणीत बहुमत आहे, तो मंत्री प्रश्न हसण्यावारी नेऊ शकतो. इथल्या मंत्र्याला ती सोय नव्हती; समोरच्या बाकांवरचं कोणीतरी पुढच्या मतदानात लागणारच होतं. मार्च 2025 चा अर्थसंकल्प 29 विरुद्ध 28 असा मंजूर झाला, तोही लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या एकुलत्या एका आमदार जेन डॉड्स तटस्थ राहिल्या म्हणून. त्या बदल्यात त्यांनी तरुणांसाठी एक पौंडाचं बसतिकीट आणि बालसंगोपन, सामाजिक सेवा यांसाठी पैसे मिळवले. एका आमदाराचं वजन एवढं.

आता माणसं. अलन मायकेल हे इथल्या सरकारचे पहिले प्रमुख. वेल्सच्या गरीब भागांसाठी युरोपीय निधी मंजूर झाला होता, पण त्याला जोड म्हणून लागणारे पैसे लंडनकडून मिळणार की नाही, हे ते सांगू शकत नव्हते. सभागृह विचारत राहिलं. 9 फेब्रुवारी 2000 रोजी अविश्वास ठरावाच्या चर्चेतच त्यांनी राजीनामा दिला. सभा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या अर्थखात्याने जादा पैसे दिले.

जून 2013 मध्ये शिक्षणमंत्री लेटन अँड्र्यूज यांची पाळी आली. शाळांमधल्या रिकाम्या जागा कमी करा, हे त्यांचंच धोरण. आणि त्याच धोरणामुळे अडचणीत आलेली आपल्या मतदारसंघातली शाळा वाचवा, असा फलक हातात घेतलेलं त्यांचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. मंगळवारच्या प्रश्नोत्तरात मुख्यमंत्री कार्विन जोन्स यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी आपल्या मंत्र्याची पाठराखण केली नाही. त्याच दिवशी राजीनामा आला.

आणि 2024 मधलं मुख्यमंत्री वॉन गेथिंग यांचं प्रकरण तर ताजंच आहे. पक्षनेतेपदाच्या प्रचारासाठी त्यांनी दोन लाख पौंडांची देणगी घेतली होती. ती देणाऱ्या कंपनीच्या मालकाला पूर्वी पर्यावरणाच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती. आठवड्यामागून आठवडे तेच विचारलं गेलं. 5 जूनला ते विश्वासमत 29 विरुद्ध 27 ने हरले. ते मत बंधनकारक नव्हतं, त्यामुळे ते पदावर राहिले. पण 16 जुलैला एकाच दिवशी चार जणांनी त्यांचं सरकार सोडलं आणि त्यांनाही जावं लागलं.

माणसं पडली की बातमी होते. धोरण बदललं की होत नाही, म्हणून पुढचं उदाहरण मला अधिक मोलाचं वाटतं. एप्रिल 2018 मध्ये सेनेदच्या मुलं आणि शिक्षण समितीने मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. अध्यक्ष होत्या लिन नीगल, सत्ताधारी लेबर पक्षाच्याच. सरकारचं उत्तर आलं तेव्हा समितीने ते स्वीकारलं नाही. निराशाजनक आहे, पुन्हा विचार करा, असं जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही मंत्र्यांना संयुक्त गट नेमावा लागला, आणि मार्च 2021 मध्ये मानसिक आरोग्य ही सगळ्या शाळेची जबाबदारी धरणारी वैधानिक मार्गदर्शिका शाळांना मिळाली. माझ्या मुलांच्या शाळेत आज ‘तुला कसं वाटतंय?’ हा प्रश्न कोणी विचारत असेल, तर त्यामागे एका समितीने आपल्याच सरकारचं उत्तर परत पाठवणं आहे. समितीच्या खोलीत मंत्र्याला तासतासभर बसवून विचारता येतं. तिथे टाळ्या नसतात, पळायला जागाही नसते.

सत्ताधारी आमदार आपल्या मंत्र्याला खरंच अडचणीत आणतात का, अशी शंका असेल तर 22 एप्रिल 2020 आठवा. कोविडमुळे सभा ऑनलाइन भरत होती. लेबरच्या जेनी रॅथबोन यांनी आरोग्यमंत्र्यांना, म्हणजे याच गेथिंग यांना, प्रश्न विचारले. नंतर आपला माइक चालू आहे हे लक्षात न आल्याने मंत्र्यांनी त्यांच्याबद्दल काढलेले अपशब्द सगळ्यांनी ऐकले. त्यांना माफी मागावी लागली. ठरवून विचारलेल्या गोड प्रश्नांवर कोणी इतकं चिडत नाही.

‘लाखो सह्यांना भीक घातली नाही’

हा रोख ताशी 30 वरून 20 मैलांवर आणलेल्या वेगमर्यादेवर आहे. ती रद्द करा, या याचिकेवर 4,69,571 सह्या झाल्या. सेनेदच्या इतिहासात एवढ्या कधीच झाल्या नव्हत्या. वेल्सची लोकसंख्या सुमारे 31 लाख, हे लक्षात घेतलं की आकड्याचं वजन कळतं.

क्रम नीट पाहायला हवा. आदेश सभागृहात मंजूर झाला जुलै 2022 मध्ये, 39 विरुद्ध 15 मतांनी. लागू झाला 17 सप्टेंबर 2023 रोजी. ‘सरसकट’ हा शब्द तेव्हापासून तोंडोतोंडी झाला. मर्यादा होती ती दिव्याचे खांब दाट असलेल्या, म्हणजे मुख्यतः वस्तीतल्या रस्त्यांसाठी, आणि अपवाद ठरवण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना होता. पण अपवाद कशाच्या आधारे ठरवायचा याचे निकष इतके घट्ट होते की अनेक परिषदांनी हात आखडता घेतला. प्रश्नांचा भडिमार झाला तो इथे. हा भडिमार 2022 मध्येच व्हायला हवा होता. तेव्हा निकषांवर पुरेसं बोललं गेलं नाही, हा दोष मी सभागृहाला देते, विरोधकांसकट.

मर्यादा रद्द झाली नाही, हे खरं. पण एप्रिल 2024 मध्ये नवे वाहतूकमंत्री केन स्केट्स यांनी चूक झाल्याचं मान्य करून कुठले रस्ते पुन्हा 30 वर न्यावेत यासाठी लोकांची मतं मागवली, आणि त्याच वर्षी निकष बदलले गेले. दरम्यान अशा रस्त्यांवरच्या जखमींची संख्या घटल्याचं पोलिसांच्या आकडेवारीतही दिसलं. सह्यांचं वजन पडलं ते निकष सैल होण्यात. मर्यादा टिकली ती तिच्या परिणामांमुळे. याला ‘भीक घातली नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

‘60 चे 96 कशाला?’

कारण विचारणारे कमी पडत होते. 60 मधून मुख्यमंत्री, मंत्री आणि कायदा सल्लागार मिळून 14 जण सरकारात जाऊ शकत होते. सभापती, उपसभापती वेगळे. उरलेल्या चव्वेचाळीस जणांनी सगळ्या समित्या चालवायच्या, म्हणजे एकेकाला दोन-दोन, तीन-तीन. सकाळी आरोग्य, दुपारी शेती, मध्ये अर्थसंकल्प. स्कॉटलंडच्या संसदेत 129 सदस्य आहेत, उत्तर आयर्लंडमध्ये 90. वेल्समध्ये संख्या वाढवा, असं रिचर्ड आयोगाने 2004 मध्येच सांगितलं होतं. मंत्री नीट उत्तरं देत नाहीत अशी तक्रार करायची आणि विचारणारे वाढले की खर्च मोजायचा, हे एकमेकांशी जुळत नाही.

2026 च्या निवडणुकीपासूनच्या बदलात मला खटकतं ते वेगळंच: मतदार आता माणसाला नाही, पक्षाच्या बंद यादीला मत देतो, आणि यादीतला क्रम पक्ष ठरवतो. जेनी रॅथबोन यांच्यासारखी आपल्याच मंत्र्याला टोचणारी आमदार त्या यादीत पहिली असेल की सहावी, हे पक्षाच्या हातात गेलं. या मजकुरात त्याबद्दल एक अक्षर नाही.