रक्तातलं लोखंड आणि उत्तरेकडची उशी

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड न चुकता येतं, गेल्या आठवड्यात मामांनी टाकलं आणि खाली नमस्कारांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: उत्तरेकडे डोकं करून झोपू नका, कारण एक, रक्तात लोह असतं आणि उत्तर ध्रुवाचं चुंबकत्व ते डोक्याकडे खेचतं, मेंदूत रक्त साठतं. दोन, माणसाचं शरीर हेच एक मॅग्नेट आहे, डोकं त्याचा उत्तर ध्रुव, सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात म्हणून झोप लागत नाही. तीन, शरीरावर मॅग्नेटचा परिणाम होतो हे एमआरआयने सिद्ध केलंय. चार, वाहतं रक्त म्हणजे करंटच. आणि पाच, हे सगळं आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं.

मामांना ग्रुपवर उलट उत्तर देणं काही मला जमणार नाही, वय आहे, मान आहे, आणि लहानपणी होकायंत्र त्यांनीच आणून दिलेलं. म्हणून इथे लिहितोय.

तर पहिला मुद्दा, रक्तातलं लोह. असतं की, मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात मिळून ३-४ ग्रॅम, त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण लोह आहे म्हणजे मॅग्नेटला चिकटणार, ही उडी चुकीची आहे आणि ती तपासायला लॅब लागत नाही. फ्रीजवरचं मॅग्नेट काढा आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांना लावत सुटा. इंडक्शनचं भांडं असेल तर बुडाला खटकन चिकटेल, पण चांगल्यापैकी स्टीलचा डबा किंवा तांब्या घेतलात तर बहुतेक वेळा घसरून खाली पडेल. आता त्या स्टीलमध्ये साधारण सत्तर टक्के लोखंड असतं बरं का! सत्तर टक्के लोखंड असलेला डबा मॅग्नेटला दाद देत नाही आणि पाच लिटर रक्तात विरघळलेलं दोन-अडीच ग्रॅम लोह मात्र उत्तरेला धावत सुटणार?

कारण असं की चुंबकत्व नुसत्या लोखंडाच्या अणूत नसतं, ते अणू एकमेकांशेजारी कसे बसलेत त्यात असतं. खिळ्यात कोट्यवधी अणू शेजारी शेजारी बसून एकमेकांचं बघून एकाच दिशेला तोंड करतात, वारीत सगळे एकाच वाटेने निघतात तसे, म्हणून सगळ्यांचा जोर एकत्र येतो. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल-क्रोमियम घालून ती बसण्याची पद्धतच बदललेली असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत तर लोहाचे फक्त चार अणू, आणि तेसुद्धा प्रत्येकजण आपापल्या खोलीत दार लावून बसलेला, शेजाऱ्याशी संबंध नाही.

हे कुणी तपासलं नाही असंही नाही. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४५ साली वाळलेलं रक्त मॅग्नेटपाशी धरून बघितलं होतं, ते खेचलं गेलं नाही, आणि ताजं रक्त घेऊन बघायला हवं अशी नोंदही त्याने करून ठेवली. ते काम नीट झालं १९३६ साली, लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांच्या हातून. त्यांना दिसलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन मॅग्नेटपासून किंचित लांब ढकललं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. म्हणजे फॉरवर्डचं म्हणणं धरून चाललो तर शुद्ध रक्त उत्तरेकडून पळ काढेल आणि अशुद्ध रक्त उत्तरेला जाईल, मग मेंदूत साठणार कोणतं ते आधी ठरवा. गंमत सोडा, हे दोन्ही परिणाम इतके बारीक आहेत की मोजायला जोरदार मॅग्नेट आणि नाजूक तराजू लागतो.

शिवाय अजून एक गोष्ट जी शाळेत घाईघाईत उरकली जाते. मॅग्नेटिक फील्ड नुसतं असून भागत नाही, एखादी वस्तू ओढायची तर ते फील्ड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असावं लागतं. सगळीकडे सारखं असेल तर ते सुईला फिरवतं पण ओढून नेत नाही. पाण्यात बुचावर तरंगती सुई ठेवून बघा, ती फिरून उत्तर-दक्षिण होते आणि गप्प बसते, उत्तरेच्या काठाकडे पोहत जात नाही. पृथ्वीचं फील्ड आपल्याकडे ४०-४५ मायक्रोटेस्लाच्या घरात आहे (टेस्ला हे फील्ड मोजायचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग), विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत दहा हजार किलोमीटर गेलात तर ढोबळमानाने ३० मायक्रोटेस्लाचा फरक पडतो, मग तुमच्या उशीपासून पायथ्यापर्यंत किती पडेल? काही पिकोटेस्ला. एक पिको म्हणजे एकाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या फरकावर कुणाचं रक्त हलणारे? रोज कानाला फोन लावता त्याच्या स्पीकरमधलं मॅग्नेट याच्या कितीतरी पट जोरदार आहे आणि ते तर मेंदूपासून चार बोटांवर असतं.

दुसऱ्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही कारण तो पहिल्या मुद्द्याशीच भांडतोय. पहिल्यात उत्तर दिशा डोक्याकडे ओढते म्हणे, दुसऱ्यात डोक्याला ढकलते. दोघांनी आधी आपसात मिटवावं. आणि होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं याचा अर्थच असा की पृथ्वीच्या उत्तर बाजूला चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे, म्हणजे डोकं खरंच उत्तर ध्रुव असतं तर उत्तरेला डोकं करून झोपणं सगळ्यात आरामाचं ठरलं असतं. गावाकडे विहिरीत उताणे तरंगत पडला असाल तर आठवा, कधी सुईसारखे हळूहळू फिरून उत्तर-दक्षिण झालात का?

एमआरआय. हा मुद्दा फॉरवर्डमध्ये कुणी टाकला माहीत नाही पण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. एमआरआय मशीनचं फील्ड बहुतेकदा दीड किंवा तीन टेस्ला असतं, दीड धरलं तरी पृथ्वीच्या फील्डच्या तीस हजार पटीहून जास्त. त्यात माणूस अर्धा-अर्धा तास पडून राहतो, रक्त डोक्यात जमा होत नाही, आवाजाने डोकं उठतं एवढंच. त्याचं काम चालतं ते पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर, लोखंडावर नाही. आणि त्याच खोलीत लोखंडी वस्तू नेली की काय होतं हेही आपल्याला माहितीये, २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर मशीनने खेचला आणि एकाचा जीव गेला. किल्ल्या, घड्याळ, बेल्ट बाहेर ठेवायला लावतात ते यासाठी. रक्त बाहेर ठेवून या असं कुणी म्हणत नाही.

चौथा मुद्दा मात्र मला आवडतो, कारण त्यात खरंच काहीतरी आहे. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं की मॅग्नेटिक फील्डमधून तार सरकवली की तारेत व्होल्टेज तयार होतं, आणि तार कशाला, वीज वाहून नेणारं काहीही चालतं, खारट पाणीसुद्धा. म्हणून पठ्ठ्याने १८३२ च्या जानेवारीत लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याचे पत्रे सोडले, नदी पृथ्वीच्या फील्डमधून वाहतेय तर दोन काठांमध्ये व्होल्टेज मिळेल म्हणून. कल्पना बरोबर होती पण हाताला ठोस काही लागलं नाही. रक्तही खारटच, तेव्हा त्यातही व्होल्टेज येणार हे मान्य. किती येणार ते काढू. महाधमनी अडीच सेंटिमीटर रुंद, रक्ताचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला सुमारे एक मीटर, फील्ड ४० मायक्रोटेस्ला, करा गुणाकार: एक मायक्रोव्होल्ट. तुमचं हृदय स्वतःच्या ठोक्याने छातीवर जो सिग्नल उमटवतं, जो ईसीजीत दिसतो, तो असतो एक मिलिव्होल्टच्या आसपास म्हणजे याच्या हजारपट. एमआरआयच्या आत मात्र हे रक्ताचं व्होल्टेज एवढं वाढतं की ईसीजीचा आलेख वेडावाकडा होतो, डॉक्टरांना ते ठाऊक असतं. म्हणजे परिणाम खरा आहे, फक्त तुमच्या गादीवर तो नगण्य आहे. शिवाय वाहतं रक्त म्हणजे करंट नव्हे, त्यात धन आणि ऋण भार बरोबरीने वाहतात आणि हिशेब जवळपास शून्य होतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे नाहीतर कुणीतरी खाली येऊन टाकणारच: काही पक्षी आणि काही बॅक्टेरियांना पृथ्वीचं फील्ड कळतं, आणि २०१९ मध्ये एका प्रयोगात माणसाच्या भोवती फील्डची दिशा बदलली तेव्हा काही जणांच्या मेंदूच्या लहरींत फरक दिसला. दिसला असेल. त्याचा रक्तातल्या लोहाशी आणि मेंदूत रक्त साठण्याशी काय संबंध ते कुणी सांगितलेलं नाही.

राहिले पूर्वज. आमची आजी म्हणायची दक्षिणेला पाय करू नये, ती यमाची दिशा. बस, एवढंच कारण आणि ते पूर्ण आहे, श्रद्धा आहे तर पाळा, मीही आजीच्या घरी पाळायचो. तिने कधी मायक्रोटेस्ला काढले नाहीत. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज डॉक्टरने मांडलं १६०० साली, आजीच्या नियमाला त्याची गरज नव्हती.

आणि फील्ड ही काही अढळ चीज नाही. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तो थंड होताना त्या काळची चुंबकाची दिशा दगडात गोठून राहिली, आणि त्यातल्या बऱ्याच थरांमध्ये ती आजच्या बरोबर उलटी आहे. म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेला वळलं असतं. मग तेव्हा उशी कुठे ठेवायची?

आणि फील्डमध्ये ढवळाढवळ झाली तरी झोपणाऱ्यांना काही कळत नाही, मुंबईचंच घ्या. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीचं फील्ड मोजायचे, पुढे शहरात विजेची ट्राम येणार ठरलं आणि तिच्या करंटने या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे लक्षात आलं, म्हणून १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, आजही तिथे नोंदी होतात. उपकरणं अलिबागला गेली. गिरगावातली माणसं मात्र ट्रामच्या रुळांशेजारच्या चाळींत, जागा मिळेल तिकडे डोकं करून, अनेक वर्षं झोपत राहिली.

मामांना हे पाठवलं नाहीये अजून. फोनमध्ये होकायंत्राचं ॲप असतं ना, ते उघडून त्यांच्या लोखंडी पलंगाच्या उशाशी नेऊन बघा म्हणणारे फक्त, तिथे उत्तर नक्की कुठे दाखवतंय ते.