सुखाच्या म्हातारपणासाठी थुंका!

उतारवय निरोगी जावं असं वाटत असेल, तर चालायला जाणं वगैरे जुनाट प्रकार सोडा आणि एका नळीत थुंका. रस्त्यावर थुंकलात तर महापालिका दंड करते. इथे थुंकायचे पैसे आपणच मोजायचे. आधी अर्धा तास चहासुद्धा प्यायचा नाही, रेषेपर्यंत लाळ भरायची आणि कंपनीने त्या लाळेतली जनुकं तपासून काढलेली म्हातारपणाची कुंडली पीडीएफमध्ये येण्याची वाट बघायची. (पत्रिकेवर तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे. पण ही रंगीत असते.)

निकाल आवडला नाही, तर दुसऱ्या कंपनीकडे जावं. २०१०मध्ये अमेरिकी सरकारच्या लेखातपासणी कार्यालयाने हेच करून पाहिलं होतं. एकाच माणसाला प्रोस्टेट कॅन्सरचा धोका कुणी सरासरीपेक्षा कमी सांगितला, कुणी सरासरीइतका, कुणी जास्त. आपल्याला शोभेल तो घ्यावा.

अहवालातला सल्ला पाळावा: भाज्या खा, चाला, वेळेवर झोपा. हे जनुकं तपासल्याशिवाय कळत नाही.

माहिती कुठे जाईल याची चिंता करू नये. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या बड्या अमेरिकी कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३मध्ये हॅकरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तर काय झालं? पासवर्ड बदलतो तशी जनुकं बदलून टाकावीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाचणी स्वतःची करू नये, दुसऱ्याला भेट द्यावी. आमच्या आईच्या पंचाहत्तरीला तिच्या भाच्याने किट दिलं. “मावशी, हेल्दी एजिंगसाठी!” फोटो झाले, टाळ्या झाल्या. मग अहवाल थेट म्हाताऱ्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, तोही दुपारी, घरात कुणी नसताना. त्यात लाल चौकट असावी: अल्झायमर, धोका वाढलेला. खाली बारीक अक्षरांत ‘हे निदान नाही’ असं लिहावं. पंचाहत्तरीच्या डोळ्यांना ते दिसण्याचा प्रश्नच नाही. शंका विचारायला फोन केला, तर समुपदेशनाचे वेगळे पैसे सांगावेत. मात्र ‘तुमच्या जनुकांसाठी खास’ बनवलेली पावडर खपवायला आपणहून दिवसातून दोनदा फोन करावा. तेवढी सेवा चोख.

आता आई चष्मा कुठे ठेवला ते विसरली, की तिचा चेहरा पडतो. ज्या डब्यातली हळद ती न बघता काढायची, त्यावर तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय: हळद. शेजारच्या डब्यावर: तिखट.

तिच्यात एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार सापडला. एवढंच. त्याची एक प्रत असली तर अल्झायमरचा धोका साधारण दोन-तीन पटींनी वाढतो, हे खरं. पण तो असलेल्या कित्येकांना अल्झायमर कधीच होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. शिवाय हे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले. हे तिला समोर बसून सांगायला कुणी नव्हतं. निर्लज्जपणा म्हणतात याला, वेलनेस नाही!

जनुकीय चाचण्या वाईट नाहीत. घराण्यात तरुणपणी स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बीआरसीए ही त्या कॅन्सरशी संबंधित जनुकं जरूर तपासा. त्याने जीव वाचतात. पण वाढदिवसाच्या केकशेजारी ठेवायची ती वस्तू नव्हे.

आणि अहो भाचेमंडळी, मावशीचं बीपी शेवटचं कधी मोजलंत? तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे तरी माहीत आहे का? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. त्यात ऐकू कमी येणं आहे, रक्तदाब आहे, कोलेस्टेरॉल आहे, एकटेपणा आहे. यातलं काही करायचं तर रविवार मोडतो, म्हणून तुम्हाला किट सुचतं. त्या पैशांत न्हाणीघरात धरायला दांडी बसली असती. अजून बसवा. मिस्त्री कधी येणार ते विचारायला फोन करा, दिवसातून दोनदा केलात तरी चालेल.