बेदाण्याची पिशवी आणि सहा ‘सुवर्णनियम’

‘दवाखान्यातल्या पेशंटसाठी 6 सुवर्णनियम’ हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. वर हात जोडलेले, खाली ‘एका नामांकित डॉक्टरांच्या लेखणीतून’ (डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही), आणि शेवटी पाच जणांना पाठवायची तंबी. पहिल्या दोन वेळा मी गप्प बसले. तिसऱ्यांदा तो मामींनी टाकला आणि त्या वेळी मामा डायलिसिसच्या चेअरवर होते. आता बोलणं भाग आहे.

मेसेज म्हणतो: पेशंटला आजाराचं नाव सांगू नका, नावानेच माणूस खचतो. डायलिसिसची शरीराला सवय लागते, होईल तितकं टाळा. मनाच्या गोळ्या सुरू करू देऊ नका, किडनी जाते आणि व्यसन लागतं. एवढ्या आजारात उदास वाटायचंच, त्यासाठी डॉक्टरांचा वेळ घेऊ नका. सकारात्मक विचारांनी क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) उतरतं. आणि ताकदीसाठी नारळपाणी, फळं, सुकामेवा भरपूर द्या.

पहिल्या नियमाबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो आम्ही मेसेज न वाचताच पाळला होता.

मामा तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. वीस वर्षांची शुगर, शेवटी किडन्यांवर आली. फेब्रुवारीत ॲडमिट केलं तेव्हा घरात ठरलं की त्यांना ‘किडनीला जराशी सूज आहे’ एवढंच सांगायचं. कागदांवर मामेभावाने सह्या केल्या. मानेत नळी घातली, एक दिवसाआड चार-चार तास मशीनला लावलं, तरी आमचं आपलं चालूच, ‘सूज उतरली की घरी.’

आता आजारच सांगायचा नाही म्हटल्यावर पथ्य कसं सांगणार? त्यात आमच्याकडे पेशंटला भेटायला जाताना कुणी बिस्किटं नेत नाही, बेदाणे नेतात. कॉटशेजारच्या कपाटात किलोभराची पिशवी, येता-जाता मूठभर. मामी सकाळ-संध्याकाळ शहाळं आणायच्या. एका शहाळ्याच्या पाण्यात 500-600 मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं आणि बेदाण्यात तर ते ठासून भरलेलं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. बंद पडलेली किडनी काढत नाही, ते रक्तातच साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. नवव्या रात्री मामांच्या पायांतलं बळ गेलं, छातीत कसंतरी व्हायला लागलं. रविवार धरून दोन दिवस डायलिसिस झालेलं नव्हतं. रक्तातलं पोटॅशियम 6.8. ते साडेतीन ते पाचच्या आसपास हवं. रात्री दोन वाजता मशीन लावलं म्हणून मामा आज आहेत. मेसेजचा सहावा नियम इथेच निकालात निघाला, त्याच्यावर वेगळं लिहीत नाही.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. मी एकटी आहे बघून मामांनी विचारलं, “पोरी, कॅन्सर हाय न्हवं मला? सरळ सांग.”

दहा दिवस हा माणूस नसलेला कॅन्सर घेऊन पडला होता. जेवण तोडलं होतं ते त्यामुळे, आणि आम्ही म्हणत होतो, औषधांनी तोंडाची चव गेली. सातबारा आणि सोसायटीचे कागद कुठे ठेवलेत हे त्यांनी घरातल्या कुणाला नाही, वॉर्डातल्या झाडू-पोछा करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं होतं. आम्ही दाराबाहेर कुजबुजायचो आणि आत गेलो की हसायचो. पंचवीस वर्षं व्यापाऱ्याचा चेहरा बघून भाव ओळखणाऱ्या माणसाला आमचे चेहरे वाचता येणार नव्हते?

किडन्या गेल्यात, कॅन्सर नाही, असं सांगितल्यावर मामा बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग हे एवढं लपवायचं काय कारण?” त्या रात्री भाकरी मागून खाल्ली.

मेसेजवाल्यांना एवढं मान्य करते की राउंडला आलेल्या कुणी उभ्या उभ्या, दहा माणसांदेखत ‘किडनी फेल आहे’ म्हणून पुढे जावं, याने माणूस खचतोच. पण त्यावर उपाय बसून, आधी ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय’ असं विचारून सांगणं हा आहे. ‘मला नको, पोराला सांगा’ असं पेशंट स्वतः म्हणाला तर तोही त्याचा हक्क. ते आम्ही परस्पर ठरवायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली खटल्याचा निकाल बघा: पेशंट बाई भुलीखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन केलं होतं. कोर्टाने सांगितलं, सज्ञान, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने संमती द्यायचा प्रश्नच येत नाही, आणि पुरेशी माहिती दिल्याशिवाय संमतीला अर्थ नाही. मामेभावाच्या त्या सह्या आठवल्या की मला अजून कसंतरी होतं.

आता ‘उदास वाटायचंच’. डायलिसिसच्या पेशंटांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये आढावा घेतला गेला. नीट मुलाखत घेऊन तपासलं तर 22.8 टक्के पेशंटांत नैराश्य, पेशंटांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांत 39.3 टक्के. फरक का? थकवा, झोप न लागणं, अन्नावरची वासना जाणं ही किडनीच्या आजाराचीही लक्षणं आहेत आणि नैराश्याचीही. म्हणजे वाईट वाटणारा प्रत्येकजण नैराश्यात नसतो, हे खरं. पण कोण आहे आणि कोण नाही हे तपासावं लागतं. त्यासाठीच डॉक्टरांचा वेळ असतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, 14416. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

गोळ्यांचं काय? बायपोलर म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं लिथियम वर्षानुवर्षं घेतलं तर किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यात रक्त तपासत राहतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हेही खरं. एवढ्या दोन धाग्यांवर मेसेजने सगळ्या मानसोपचाराची गोधडी शिवली आहे. नैराश्यावरचं सर्ट्रालिन डायलिसिसवरच्याच 120 पेशंटांना घेऊन अमेरिकेत तपासलं गेलं, 2019 मध्ये ते छापून आलं. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना चेअरवर बसल्या बसल्या समुपदेशन. बारा आठवड्यांनी गोळीवाल्यांचं नैराश्य थोडं जास्त उतरलं, मात्र त्यांना दुष्परिणामही जास्त झाले. म्हणून कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर बघतात, ग्रुप ॲडमिन नाही.

‘डायलिसिसची सवय लागते’ हे मागून पुढे वाचल्यासारखं आहे. किडनी अचानक बंद पडली असेल तर काही पेशंटांचं डायलिसिस सुटतंही. कायमचं लागतं ते किडनी परत येत नाही म्हणून. सुरू केल्यावर हळूहळू लघवी कमी होते, तेवढ्यावरून लोकांनी हे काढलेलं दिसतं. पण टाळलं तर काय होतं ते आमच्या नवव्या रात्रीला विचारा.

सकारात्मक विचारांबद्दल एकच सांगते. मामी एकदा रिपोर्ट बघून मामांना म्हणाल्या, “तुम्ही मनावर घेत नाही, म्हणून वाढलंय.” आजारी माणसाला आजाराचा गुन्हेगारही करायचं, ही त्या नियमाची फलश्रुती. क्रिएटिनिन विचारांना भीक घालत नाही.

परवा मामांना सोडायला गेले तर शेजारच्या चेअरवर नवीन पेशंट, उशाशी शहाळं. मामांनी विचारलं, “पोटॅशियम किती हाय तुमचं?” त्यांच्या मुलाने घाईघाईने ओठांवर बोट ठेवून खूण केली, बाबांना सांगितलेलं नाही. मामांचा आवाज मुळात शेतातला.

“अवो पावणं, चार तास रगात भाईर काढून परत घालत्यात, त्यास्नी काय पंक्चर काढायला आणलंय आसं वाटंल व्हय?”