चालूच आहे, गुरुजी!

विजेवरच्या नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवून झाली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं, नारळ फुटला. गुरुजींनी मुठीतल्या अक्षता सावरल्या आणि म्हणाले, "हं, करा सुरू."

मी बटण दाबलं. गुरुजी थांबले. आम्ही सगळेच थांबलो. पार्किंगमधल्या त्या शांततेत तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. "करा, करा, मुहूर्त टळतोय," गुरुजी पुन्हा म्हणाले. बटण नीट दाबलं गेलं नसेल म्हणून मी परत दाबलं. म्हणजे चालू झालेली गाडी बंद केली. फरक ना मला कळला, ना गुरुजींना. असं पाच-सहा वेळा झाल्यावर शोरूमचा मुलगा खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "सर, स्क्रीनवर 'रेडी' आलंय, बघा."

"चालूच आहे, गुरुजी!" मी ओरडलो आणि त्या भरात ॲक्सिलरेटर दाबला. जुन्या गाडीला दाबायचो तेवढाच. लिंबं फुटल्याचं कळायच्या आत गाडी समोरच्या खांबापासून वीतभर अंतरावर होती आणि गुरुजी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या.

मी 26 वर्षं गाडी कानाने आणि डाव्या पायाने चालवली. इंजिन कण्हायला लागलं की गिअर खाली, घोंघावायला लागलं की वर. कुठली पट्टी कुरकुरते, कुठला बेल्ट चिवचिवतो, हे मला घरच्या माणसांच्या खोकल्यासारखं ओळखू यायचं. या गाडीत त्या दोघांनाही काम नाही. कानाचं एकवेळ ठीक आहे, तो बिचारा गप्प बसला. डाव्या पायाने मात्र निवृत्ती मान्यच केली नाही. दुसऱ्याच दिवशी सिग्नल जवळ येताच तो सवयीने उठला, क्लच शोधत सरकला आणि जे पहिलं पेडल सापडलं ते सबंध ताकदीने दाबलं. तो ब्रेक होता. मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे आली. पिशवीतली दुधीभोपळ्याची जोडी मला आणि सौभाग्यवतींना एकेक अशी समान वाटून गेली.

उजव्या पायाचे हाल वेगळेच. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी वाहत पुढे जात नाही, जागच्या जागी रुसते. मोटरच उलट जनित्र होते आणि चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते, हे सगळं मला पाठ आहे, मी त्याच्यावर सोसायटीत दोनदा बोललोही आहे. पण ते पायाला कोण सांगणार? तो आपला जरा दाबायचा, जरा सोडायचा. गाडी पुढे जायची, दचकायची, पुन्हा पुढे जायची. आठवडाभर सौभाग्यवतींनी सहन केलं. मग कर्वे रोडवर डोळे मिटून म्हणाल्या, "अहो, गाडी चालवताय की ताक घुसळताय?"

आवाज नसण्याचा दुसरा त्रास म्हणजे आपण आलोय हे कुणाला कळत नाही. युरोपात 2019 पासून विजेवरच्या नव्या मॉडेलना ताशी 20 किलोमीटरच्या आत मुद्दाम आवाज करावा लागतो, तो याचसाठी. माझी गाडी पुढे जाताना चकार शब्द काढत नाही. आमच्या गल्लीत सकाळी फिरायला निघालेल्या एका आजोबांमागे मी असाच अडकलो. वडीलधाऱ्या माणसाच्या पाठीत हॉर्न कसा मारायचा? म्हणून त्यांच्या चालीने जात राहिलो. कोपऱ्यावर आजोबा सहज वळले आणि दोन फुटांवर हिरवी नंबरप्लेट बघून छातीला हात लावला.

"केव्हापासून मागे आहात?"

"बँकेपासून."

"मग मी फोनवर बोललो ते सगळं ऐकलंत?"

ऐकलं होतं. त्यांच्या सुनेला मी ओळखतोही. पण तो विषय इथे नको.

खरी परीक्षा मार्चअखेर झाली. सासुरवाडी भिलार, पाचगणीच्या पुढे. पूर्वी स्ट्रॉबेरीचं गाव होतं, 2017 पासून पुस्तकांचंही आहे. पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर. बॅटरी 92 टक्के भरून निघालो. खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला वळलो, वाईत 62 टक्के आणि स्क्रीनवर 190 किलोमीटरचं चार्जिंग शिल्लक. मी खुशीत होतो. मग पसरणीचा घाट लागला. एकेका वळणाला आकडा असा पडायला लागला, की मी रस्त्याऐवजी त्याच्याकडेच बघत होतो. 180. 171. 158. आधी एसी बंद केला. मग गाणी. मग सौभाग्यवतींचा चार्जिंगला लावलेला मोबाइल काढला, त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते पाहून परत लावला. प्रत्यक्ष अंतर गेलं बारा-तेरा किलोमीटर, गाडीने हिशेबातून कापले साठ. पाचगणीत सपाटीला लागल्यावर तिने त्यातले थोडे मुकाट्याने परत केले. आमच्या वाण्याचीही हीच पद्धत आहे.

भिलारला पोचल्यावर गोठ्याशेजारच्या 15 अँपच्या प्लगला चार्जर लावला. लाल दिवा. घरातल्या प्लगला लावला. लाल दिवा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, याच प्लगवर पिठाची चक्की चालती की!" चक्की चालते, कारण तिला अर्थिंगशी देणंघेणं नाही. ही आधी अर्थिंग तपासते, पटलं नाही तर विजेला तोंड लावत नाही. वायरमनला फोन लावला. तो कुठल्याशा लग्नाच्या मांडवात होता. सगळं ऐकून म्हणाला, "वाळलं असंल. पाणी वता."

अर्थिंगचा खड्डा घरामागे अळवाच्या वाफ्याशेजारी. कधीकाळी त्यात मीठ-कोळसा घालून पाइप पुरलेला, नंतर त्याच्याकडे कुणी फिरकलेलं नाही. वर तिथली लाल जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात ओल कुठून टिकणार? सासरे, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं म्हणून मीही म्हणतो, स्वतः बादली घेऊन निघाले. मागून मेव्हणा, त्याच्यामागे सासूबाई खड्या मिठाची बरणी घेऊन. पहिली बादली ओतली. मी अंगणातून ओरडलो, "लाल!" दुसरी. "लाल!" एव्हाना शेजारचे चार जण कठड्यावर येऊन बसले होते. तिसऱ्या बादलीबरोबर मीठही गेलं, आणि दिवा हिरवा झाला. कठड्यावरून टाळ्या पडल्या. अण्णा रिकामी बादली उपडी ठेवत म्हणाले, "आरं, तहान लागली हुती व्हय तिला!"

तिथून पुढे अण्णांनी गाडीची सूत्रं हाती घेतली. रात्री अकराला उठून विचारलं, "किती झालं?" दोनला विचारलं. पहाटे मी 80 टक्क्यांवर प्लग काढायला निघालो तर आडवे आले. "पाव्हण्याला ऐंशी टक्के जेवून उठिवत्यात का कुठं? भरू द्या!" काल रात्री माझ्या ताटात चौथी पुरणपोळी पडली तेव्हाही त्यांचा आवाज हाच होता. गाडी शंभर टक्के भरली. मीही.

आणि आम्ही दोघं तसेच पसरणीच्या उताराला लागलो. पहिल्या वळणाआधी मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. महिनाभरात नुकतीच सवय झाली होती, की पाय उचलायचा, ती आपोआप मंदावते. ती मंदावली नाही. उलट खुशाल निघाली. स्क्रीनवर काहीतरी बारीक अक्षरात आलं, ते वाचायला चष्मा हवा होता आणि चष्मा लावायला हात हवा होता. बॅटरीत जागाच नसेल तर गाडी उतारावरची वीज घेणार कुठे? म्हणजे शेवटची जिलबी नाकारणाऱ्या पाहुण्यासारखी ती हात आडवा धरून बसली होती. अशा वेळी ब्रेक लावतात हे आठवायला मला अर्धं वळण लागलं. तेवढ्यात सौभाग्यवतींनी मांढरदेवीच्या काळूबाईला काहीतरी कबूल करून टाकलं. काय ते अजून सांगत नाहीत.

पावसाळ्यात आणखी एक झालं. सकाळी दाराचं हँडल ओढतो तर गाडी मुडदा. कारखान्याची मोटर तासभर फिरवेल एवढी वीज तिच्या पोटात, पण कुलूप, स्क्रीन, सगळा संसार चालतो तो वेगळ्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर, आणि तीच उतरली होती. कणगी भरलेली आणि कोठीची किल्ली हरवलेली. शेवटी खालच्या काकांच्या वीस वर्षं जुन्या पेट्रोल गाडीला केबल जोडून तिला उठवलं. काका काही बोलले नाहीत. नुसते केबल गुंडाळत राहिले, फार सावकाश.

पण दिवाळीपर्यंत मी पुरता सरावलो. भिलारला गेलो तर अंगणात अण्णांची जुनी जीप आडवी. "जावईबापू, जरा फुडं घ्या तेवढी," म्हणून त्यांनी किल्ली फेकली. मी ऐटीत बसलो, किल्ली फिरवली आणि अक्षरशः दचकलो. एवढं ओरडायला काय झालं हिला? डावा पाय इतका सुस्तावला होता, की क्लच सोडताना जीपने तीन उड्या मारल्या. मग निघाली. तुळशीवृंदावन जवळ आलं तसा मी अगदी रुबाबात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि ती थांबायची वाट बघत बसलो.

जीप वृंदावनाला घासून पुढे गेली आणि शेणाच्या उकिरड्यात शिरून बंद पडली.

अण्णा चालत आले. दार उघडून मला हात देऊन खाली उतरवलं, पायाकडे एकदा बघितलं, आणि घराकडे तोंड करून लेकीला हाक मारली, "पोरी, भाईर ये गं. जीप तू काढ."