‘रडगाण्याचा ग्रुप’ म्हणालात, त्याबद्दल

ताई, नमस्कार. आयुष्यभर पुण्यात वॉर्ड सांभाळून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी एवढं सविस्तर लिहिलंय, तर नुसते आभार मानून सुटणं बरं नव्हे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी ज्याची बाजू घेते तो नर्सेसचा ऑनलाइन आधार म्हणजे मोबाइलवरचं रडगाणं, ‘ट्रॉमा’ (मनावरचा खोल आघात) हा शब्द स्वस्त झालाय, आणि मुली तिथे मन मोकळं करत बसल्या तर स्टाफ वाढवा म्हणून भांडणार कोण?

शब्द स्वस्त झालाय, कबूल. नाइटनंतर अंग मोडून येतं त्याला ट्रॉमा म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याला, कामाशी निगडित स्थिती म्हटलं, आजार नव्हे. पण माझ्या ओळखीतली एक सिस्टर घ्या. आयसीयूत पेशंट एक्स्पायर झाला आणि नातेवाइकांनी तिला भिंतीशी दाबून धरलं. अजूनही घरी मायक्रोवेव्ह वाजला की तिला इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेतून औषध सोडणाऱ्या मशीनचा, अलार्म वाटतो, हातातलं भांडं तसंच राहतं. त्या पेशंटची कॉट आपल्याकडे येऊ नये म्हणून पेशंट बदलून घेते. महिना उलटूनही हे थांबत नसेल तर त्याला दमणं म्हणत नाहीत. डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करतात, आणि त्यावर उपचार आहेत.

रडगाण्याबद्दल तर तुमच्या बाजूचा मुद्दा मीच पुरवते. घटना घडली की सगळ्यांना गोल बसवून ‘काय झालं ते सांगा’ म्हणायचं, ही पद्धत एकेकाळी जोरात होती. त्याने पीटीएसडी टळत नाही असं अभ्यासांत दिसलं, आणि आता तिची शिफारस होत नाही. रात्री बाराला व्हॉट्सॲपवर एकीने सगळं रक्तबंबाळ वर्णन लिहायचं आणि बाकीच्यांनी हात जोडायचे, हेही मला पटत नाही. मी म्हणते तो आधार म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्ट, ठरलेली सत्रं आणि मधल्या दिवसांत करायचा सराव. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये थेरपिस्टच्या मदतीने कॉम्प्युटरवरून दिल्या जाणाऱ्या ट्रॉमाकेंद्री सीबीटीला (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीला) त्या सूचनांत जागा दिली. लक्षणं तीव्र असतील किंवा जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा धोका असेल, तर मात्र नाही.

समोर बसूनच का नको, असं विचारलंत. वर सांगितलेली सिस्टर सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन धनकवडीच्या रूमवर पोचते तेव्हा तिथे आणखी दोघी झोपलेल्या असतात. म्हणून ती थेरपिस्टचा कॉल घेते पार्किंगमध्ये, स्कूटीवर बसून, तोंडाला बांधलेला स्कार्फही न सोडता. हॉस्पिटलात समुपदेशक आहे, पण त्यांची खोली एचआरला लागून. आत कोण गेलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत मावशींपासून इनचार्जपर्यंत सगळ्यांना ठाऊक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय खरा, पण तो कॉरिडॉरपर्यंत पोचत नाही. आणि मध्यरात्री कुणीच नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून.

राहिलं भांडण. ते व्हायलाच हवं. चाळीस पेशंटांना दोघी, असं तुम्हीच लिहिलंय, आणि नर्सिंग कौन्सिलचा निकष तुम्हाला मी काय सांगावा! पण भांडायला कागद लागतो. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे: नर्सवर हात उचलणं दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. तरी किती जणी तक्रार करतात? चौकीत बसून घटना क्रमाने सांगावी लागते, आणि नेमकं तेच जमत नाही. मधला तुकडाच आठवत नाही, बोलायला गेलं की घसा आवळतो. वर मेमोची धास्ती: तूच काही उलट बोलली असशील.

या मुलीने घटनेचा रिपोर्ट लिहिला तो सत्रं सुरू झाल्यावर. त्या रात्री किती पेशंटांमागे किती सिस्टर होत्या, हेही त्यात घातलं. युनियनने स्टाफच्या मागणीला पुढे जोडला तो हाच कागद.