दोन कमांडींचं अपग्रेड आणि आत शिरायचं दार

दूरच्या सर्व्हरवर डेबियन लिनक्स अपग्रेड करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डेबियन १२ (बुकवर्म) वरून १३ (ट्रिक्सी) वर जायला सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत, बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहायचं, अपडेट आणि फुल-अपग्रेड मारायचं, झालं, टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम), कन्सोल वगैरे उगाच केलेला बाऊ आहे. शिवाय ११ वरून थेट १३ गाठता येतं, आणि बूट पार्टिशनच्या जागेबद्दल लेखात अवाक्षर नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो एकदम मान्य. बूट पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) वेगळं असेल तर १३ साठी ते किमान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळी जागा हवी. लेखात ही भर घालतो.

आता दोन कमांडी. एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, आपलं काम चोख करतं, त्याबद्दल वाद नाहीच. सर्व्हर दूर असला की खरा प्रश्न परत आत शिरण्याचा असतो. १२ मधला ओपनएसएसएच ९.२ (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी डिस्कवरची स्वतःचीच फाइल पुन्हा चालवतो. ९.८ पासून त्या प्रोग्रामचे तुकडे झाले. त्यामुळे अपग्रेडच्या मध्यावर प्रोसेस जुनी आणि फाइल नवी अशी जोडी पडते, आणि दोघांचं जमत नाही. उघडं सेशन चालू राहतं, नवं लॉगिन मात्र नाकारलं जाऊ शकतं. नेमकं तेव्हाच तुमच्याकडचं नेट गेलं तर? टीमक्समध्ये काम आत चालूच राहतं आणि पुढे सर्व्हिस रिस्टार्ट झाली की दार उघडतं. टीमक्स नसेल तर डीपीकेजी, म्हणजे पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम, अर्ध्यावर मरू शकतं, आणि ते सावरायला आत जायचा रस्ता म्हणजे होस्टिंगवाल्याचा कन्सोल, एसएसएचशिवाय थेट मशीनचा स्क्रीन. म्हणून १२ आधी पूर्ण अद्ययावत करा, ओपनएसएसएच-सर्व्हर ९.२पी१-२+डेब१२यू७ किंवा त्यापुढचं आहे ना ते बघा, मगच सोर्सेसना हात लावा.

पुढे एसएसएचडीच्या (ओपनएसएसएचची सर्व्हरवरची सर्व्हिस) कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न येतो: तुमची ठेवू की पॅकेजची? तिथे पॅकेजची निवडलीत की तुम्ही बदलून ठेवलेला पोर्ट, समजा २२२२, जाऊन २२ येतो. फायरवॉलमध्ये मात्र २२२२ च उघडा असतो. तुमचीच ठेवा. मग ‘एसएसएचडी -टी’ चालवून फाइल तपासा, आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होतंय हे बघितल्याशिवाय पहिलं बंद करू नका.

रीबूटनंतर नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं. जुन्या नावाला बांधलेला आयपी मग लागतच नाही आणि सर्व्हर चालू असूनही पिंगला गप्प. रीबूटआधी सिस्टिमडीच्या (सिस्टिम आणि सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) लिंक फाइलमध्ये कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा हार्डवेअर क्रमांक, देऊन नाव पक्कं करून टाकणं सोपं. आणखी एक: १३ मध्ये सिस्टिमडी सिससीटीएल.कॉन्फ ही कर्नलच्या सेटिंग्जची फाइल वाचत नाही. आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचा डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) तिथे लिहिलं असेल तर ते सिससीटीएल.डी मधल्या फाइलमध्ये हलवा, नाहीतर व्हीपीएनला कनेक्ट होईल पण पलीकडे काही जाणार नाही.

११ वरून थेट १३ ला मात्र माझा ठाम नकार आहे. बिन आणि लिब हे सिस्टिमचे फोल्डर यूएसआर फोल्डरमध्ये विलीन करण्याचं काम १२ वर येताना पुरं होतं. १३ ची पॅकेजेस ते झालेलं आहे असं धरूनच चालतात. डेबियन मधली आवृत्ती गाळू देत नाही ती अशाच कारणांनी. आधी १२, मग रीबूट, मग १३. पोस्टग्रेस (डेटाबेस) असेल तर डेबियन ११ वर त्याची आवृत्ती १३, डेबियन १२ वर १५ आणि डेबियन १३ वर १७ येते. जुना क्लस्टर, म्हणजे तुमचा साठवलेला डेटा, आपोआप हलत नाही, तो पीजी_अपग्रेडक्लस्टर या कमांडने हलवल्याशिवाय जुनी पॅकेजेस पर्ज करू नका, म्हणजे मुळासकट काढू नका.