दोन लिटर आगळ

गेल्या गुरुवारी मालवणात एका घराच्या ओटीवर बसून मी पाऊण फुलपात्र कोकमाचं आगळ कोरं प्यायलो. आगळ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इथे थोडं हळहळावं. बाकीचे माझ्याच जातकुळीचे, त्यांच्यासाठी सांगतो. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, त्यात सढळ हाताने मीठ घालायचं, आठवडाभर रोज ढवळायचं, मग गाळायचं. जो गडद लाल रस निघतो ते आगळ. ते पिण्यासाठी नसतंच. नारळाच्या दुधात तीन-चार चमचे पडले की सोलकढी होते, एवढीच त्याची नेमणूक.

बेत बायकोचा होता. तारकर्लीला चार दिवस होतो. समुद्रात उतरून झालं, होडीने किल्ला बघून झाला, आणि मग तिने कुठून तरी मालवणातल्या घरगुती सरबतवाल्यांची यादी पैदा केली. एक दिवस नुसतं पीत हिंडायचं. हे मी निघण्याआधी ऑफिसात सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याने डोळा मारून "गोवा तिथून किती रे?" असं विचारलं होतं. मी त्याला अमृत कोकम, करवंद, जांभूळ, कैरीचं पन्हं असा सगळा कार्यक्रम ऐकवला. तेव्हापासून तो मला फार जपून बोलतो.

पहिल्या दोन घरांत झालं ते असं, की चव बघायला मिळतो तो कागदी कप औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा आणि तो रिकामा होईपर्यंत समोरचा माणूस आपल्या घशाकडे बघत असतो. घोट उतरला की "किती देऊ?" फुकट चवीइतकं महाग काही नसतं. शिवाय दोन्हीकडे बाटल्यांवर "घरगुती" असं एकाच वळणाच्या अक्षरांत, त्याच नारळाच्या चित्राखाली छापलेलं. फोन नंबर तेवढे वेगळे. आता छापखाना एकच असेल म्हणा, गाव लहान आहे. पण एका ठिकाणचं करवंदाचं सरबत पिऊन माझी जीभ संध्याकाळपर्यंत जी गुलाबी राहिली, तो रंग मी आजवर कुठल्याच करवंदात पाहिलेला नाही. साखर टाकून सालं बरणीत थरावर थर रचायची आणि ती आपणहून पाझरेपर्यंत थांबायचं, ही अमृत कोकमाची रीत. थांबायला वेळ आहे कुणाला! असो. मी काही तपासणी अधिकारी नव्हे.

तिसरं घर मात्र खरं होतं. खळ्यात जुन्या साड्या अंथरून आमसुलं वाळत घातलेली, त्यांच्यावर मच्छीचं जुनं जाळं, आणि सगळ्या अंगणाला तो आंबट, ओलसर वास. घरच्या सूनबाई पावसाच्या धास्तीने घाईत होत्या. सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, आणि यातच एक सर आली की महिन्याची मेहनत गेली. त्यांनी मला ओटीवर बसवलं, टेबलावर काहीबाही मांडलं, "घ्या हां काका" म्हणाल्या आणि दूध उतू गेल्याच्या वासाने आत पळाल्या. बायको फाटकापाशी एका बाईशी कैऱ्यांची घासाघीस करत होती.

टेबलावर चार कागदी कप होते आणि एक स्टीलचं फुलपात्र. दोन घरं झाकणं चाटून आलेल्या माणसाने कुठे हात घातला असेल?

इथे त्या म्हाताऱ्याचा प्रवेश. म्हणजे तो आधीपासूनच होता. ओटीच्या कोपऱ्यात, पंचा नेसून, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून टाचेच्या भेगांना मुठेल चोळत. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल काढून मुठीत वळलेला गोळा. मी फुलपात्र उचललं तेव्हा त्याचा चोळणारा हात थांबला. हे मी शपथेवर सांगेन. हात थांबला, मान वर झाली, आणि मी दोन मोठे घोट घेईपर्यंत ती मान वरच होती.

पहिला घोट तहानेच्या भरात सरळ खाली गेला. दुसरा तोंडात असताना पहिल्याची बातमी वर आली. लोणच्याच्या बरणीत तळाशी बसलेल्या फोडीला वर्षभर काय वाटत असेल ते मला कळलं. डावा डोळा आपोआप मिटला. कान मागे गेले. थुंकावं तर समोर आमसुलं, गिळावं तर गळा तयार नाही.

"खंयसून इलात?" म्हाताऱ्याने विचारलं.

भरल्या तोंडाने मी पूर्वेकडे बोट दाखवलं.

"मुंबय?"

मी मान हलवली आणि डोळे घट्ट मिटून दुसरा घोट गिळला. "पुणे. मूळचे कराडचे."

"म्हंजे घाटावयले," तो म्हणाला आणि पुन्हा टाच चोळू लागला, जणू एक खटला निकाली निघाला. "कसां वाटलां?"

इथे सत्य सांगून सुटता आलं असतं. पण "घाटावयले" हा शब्द ज्या शांतपणे माझ्या नावावर चढवण्यात आला होता, त्यानंतर हार मानणं मला शक्य नव्हतं. "छान," मी म्हणालो. "एकदम नैसर्गिक."

"मगे घेवा."

मी घेतला. तिसरा. त्याने माझा मिटलेला डोळा रसिकतेचा समजला असावा, कारण मग तो झाडांवर आला. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि रोप लावलं तर फुलं धरेपर्यंत काही पत्ता लागत नाही. "सात वर्षां पाणी घातलंय. फुलां इली तेव्हा कळला, बापयो!" त्याने मांडीवर थाप मारली. मग दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता'ची कलमं, ती लावण्यात झालेला उशीर, धाकट्या भावाशी हद्दीवरून चाललेली भानगड, आणि तो निकामी बापयो नेमका भावाच्या बाजूला सावली देतो हे दुःख. दर दोन वाक्यांनी "घेवा, घेवा." एरवी हे सगळं मी आवडीने ऐकलं असतं. त्या दिवशी नुसती मान डोलावत होतो, कारण बोलायला तोंड उघडलं असतं तर आतून काय आलं असतं याची खात्री नव्हती.

सूनबाई बाहेर आल्या. फुलपात्र बघितलं.

"अगो बाय! हे कुणी संपवलं?"

"ह्येंनी," म्हाताऱ्याने मुठेलाचा गोळा माझ्याकडे रोखला.

"अहो काका, ते आगळ! बाटलीत भरायला काढलेलं!"

"ठाऊक आहे की," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून समजलेलं नाही.

सूनबाई अवाक होऊन सासऱ्यांकडे बघू लागल्या. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "घाटावर तसांच पितत."

"मग दोन लिटर बांधू?"

कोऱ्या आगळाचा शौकीन माणूस नको कसं म्हणणार! त्या बाटल्या आणायला आत गेल्यावर मी आवाज खाली आणून विचारलं, "काका, मी उचललं तेव्हा तुम्ही बघत होतात ना?"

"बघी होतंय."

"मग सांगितलं का नाही?"

त्याने पाय बदलला, दुसरी टाच पुढे घेतली. "तुमी इचारलात खंय?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि मी पाच दिवस शोधतोय. समोरचा माणूस विहिरीकडे निघालाय हे दिसतंय, तर हाक मारायला अर्ज लागतो का? आणि मुंबईवाला असता तर बोलला असता का, हाही प्रश्न आहेच. उरलेल्या दोन घरांत मी काही प्यायलो नाही. शर्टावर पडलेल्या थेंबाला हॉटेलातला साबण लावला तर लाल डाग निळसर जांभळा झाला आणि आता तो जाणार नाही म्हणते बायको. दोन बाटल्या का, असं तिने विचारलं तेव्हा मी "स्वस्त लावल्या" म्हणून सांगितलं.

परवा तिने सोलकढी केली. चांगली झाली होती. एका वेळेला चार चमचे लागतात, म्हणजे 20 मिलिलिटर. दोन लिटरमध्ये अशा 100 खेपा बसतात, आठवड्यातून एकदा धरली तरी जवळजवळ दोन वर्षं. निघताना म्हातारा म्हणाला होता, "दोन वर्षां कायएक होवचा नाय त्येका." मला तेव्हा वाटलं, तो आगळाबद्दल सांगतोय.